वाळत घातलेली बोट

पुसेगाव म्हटलं की उभा महाराष्ट्र सातारा जिल्ह्याकडं तोंड करतो. सेवागिरी महाराजांची यात्रा, नोटांनी मढलेला रथ, बैलांचा बाजार. त्यातलं आमचं काही नाही. आमचं पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. हे सगळं सांगून झाल्यावरही समोरचा विचारतो, ‘म्हणजे सेवागिरींचंच ना?’ मग आम्हीही ‘तिकडं पण एक आहे’ म्हणून विषय मिटवतो. आमचा जिल्हा तरी कुठं जुना? १ मे १९९९ ला तो परभणीतून वेगळा निघाला. त्याआधी आम्ही परभणीचे होतो, त्याच्याही आधी निजामाचे. समुद्राचे मात्र कधीच नव्हतो. मुंबईचा किनारा इथून पाचशे किलोमीटरच्या पलीकडं आहे आणि गावातल्या कित्येक म्हाताऱ्यांनी समुद्र पाहिला तो टीव्हीवरच.

अशा गावात, ऐन एप्रिलात, हळद वाळत घातलेल्या खळ्याच्या कडेला चार जुन्या टायरांवर फायबरची बोट पालथी पडलेली दिसली की रस्त्यानं जाणारा थांबतोच. गाडी स्टँडला लावतो. बोटीभोवती एक प्रदक्षिणा घालतो. बुडाला हात लावून बघतो. आणि मग आधीच्या प्रत्येकानं विचारलेला प्रश्न तोही विचारतो, “अन् पाणी कुठंय हो?”

पाणी आहे, फक्त गावात नाही. आमच्या एका अंगाला पूर्णा नदीवरचं येलदरी धरण. भिंत परभणीच्या जिंतूर तालुक्यात, पण पसरलेलं पाणी आमच्या सेनगाव तालुक्याच्या शिवारांना येऊन टेकतं. खाली औंढा तालुक्यात सिद्धेश्वर. तिकडं कळमनुरीच्या बाजूला पैनगंगेवरचं इसापूर. एकट्या येलदरीचाच उपयुक्त साठा ८०९ दलघमी. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या माणसाला हा आकडा सांगू नये, तो चिडतो. पण एवढं पाणी म्हटल्यावर मासे आले, मासे म्हटल्यावर भोई समाजाच्या सहकारी संस्था आल्या, आणि त्यांच्या मागोमाग थर्माकोलच्या तराफ्यांपासून इंजिनाच्या बोटीपर्यंत सगळी वाहनं आली. पालथी पडलेली बोट माझ्या मावसभावाची. रोहू, कटला आणायला ती बॅकवॉटरवर फिरते, आणि मधल्या काळात काठावरच्या पाहुण्यांना सेल्फीसाठी फिरवून आणते. दुसऱ्या धंद्यात मासे पकडावे लागत नाहीत, म्हणून हल्ली त्याचा ओढा तिकडंच जास्त आहे.

समुद्रातल्या बोटीला खडक लागतो. खडकाची जागा ठरलेली असते, पिढ्यान्‌पिढ्या ती नाखव्याला पाठ असते. धरणातल्या बोटीचं तसं नाही. धरणाच्या पाण्याखाली समुद्राचा तळ नसतो, गाव असतं. कुणाच्या गोठ्याची भिंत असते, विहिरीचा कठडा असतो, बांधावरची बाभूळ असते. वरून तोडून नेली तरी खोड तसंच राहिलेलं असतं. पाणी भरलं तेव्हा माणसं उठून गेली, बांध उठून गेले नाहीत. त्यामुळं आमच्याकडं बोट आपटली की चर्चा निराळ्या वळणानं जाते. “कशाला लागली?” असं कुणी विचारत नाही, “कुणाच्यात लागली?” असं विचारतात. आणि काठावरचा एखादा म्हातारा हात लांबवून, निळ्याशार पाण्यातल्या एका जागेकडं बोट करून, ठामपणे सांगतो, “तिथं ना? ते पाटलाचं वावर. तिथं बांधाला बाभळीच होत्या.” सातबारा पाण्याखाली गेला तरी वहिवाट तोंडपाठ आहे.

शिवाय कोकणातली भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते. आमची ओहोटी आठ महिन्यांची. पावसाळ्याच्या शेवटी धरण भरतं, आणि दिवाळीनंतर कालव्याला पाणी सुटलं की रोज थोडं थोडं उतरत मे महिन्यापर्यंत जातं. म्हणजे ऑक्टोबरात ज्या बुंध्यावरून बोट बिनघोर गेली, तोच बुंधा जानेवारीत पाण्याखाली हातभर येऊन बसतो आणि मार्चात डोकं वर काढतो. डोकं वर काढलेला बुंधा निरुपद्रवी. तो दिसतो, त्यावर बगळा बसतो. सगळा घात आहे तो मधल्या काळातल्या बुंध्याचा, जो अजून दिसत नाही पण लागू शकतो. माणसांच्या बाबतीतही मला हा अनुभव आहे, पण तो विषय इथं नको.

लागतं ते दोन ठिकाणी. पहिला मार बसतो पंख्याला. छोट्या इंजिनाचा पंखा दांड्यावर बसवताना मधे एक पिन आडवी घातलेली असते. मऊ धातूची, बोटभर. पंखा कशाला अडला की ही पिन तुटते, दांडा मोकळा फिरतो आणि आतले गिअर वाचतात. पिन स्वस्त, गिअर महाग, म्हणून बनवणाऱ्यानं तुटण्याचं काम पिनेला नेमून दिलेलं. एवढा साधा हिशोब. पण आमचा माणूस हुशार. भर पाण्यात पिन तुटली, दुसरी जवळ नाही, मग डब्यातला लोखंडी खिळा कापून तिथं ठोकतो. आणि काठावर येऊन अभिमानानं सांगतो, “आता तुटायचं कामच नाय.” खरंच तुटत नाही. पुढच्या खोडाला खिळा शाबूत राहतो, गिअरचे दात जातात. मग खालच्या पेटीतलं तेल काढून बघायचं. ते दुधाळ आलं असेल तर सीलमधून पाणी आत शिरलंय हे समजायचं, आणि पाकिटात किती आहेत ते मोजायला घ्यायचं.

दुसरा मार बुडाला, आणि त्याची गंमत ही की तो लवकर कळतच नाही. बोट चालतेच. फक्त आत पाणी जरा जास्त दिसतं. मावसभावाला विचारलं तर म्हणाला, “पावसाचं असंल.” हे जानेवारीत. मग म्हणाला, जाळ्याचं निथळलेलं असंल. मग म्हणाला, पाहुण्यांनी बाटल्या सांडल्या असतील. डबड्यानं पाणी उपसत उपसत त्यानं महाशिवरात्र काढली, होळी काढली. उपसणं हीसुद्धा एक सोय आहे. जोपर्यंत हातात डबडं आहे तोपर्यंत भोकाकडं बघावं लागत नाही. शेवटी एक दिवस उपसण्याचा वेग आणि भरण्याचा वेग यांची गाठ पडली, आणि बोट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून पुसेगावात आली.

पालथी घातल्यावर पंचनामा सुरू झाला. गावातल्या कुणाचाही बोटीशी संबंध नव्हता, त्यामुळं सल्ल्याला कुणालाच अडचण नव्हती. पंक्चरवाला म्हणाला, खरवडून ठिगळ मारू, ट्रकची ट्यूब बसते तर ही काय चीज. नळफिटिंगवाल्यानं दोन रंगांची मळायची पुट्टी सुचवली, ती लावली की पाण्याच्या टाकीची गळती जागच्या जागी थांबते म्हणाला. एकानं डांबर सांगितलं. एका पदवीधरानं मोबाइल काढून परदेशातला व्हिडिओ दाखवला. त्यात निळ्या हातमोज्यातला गोरा गृहस्थ वातानुकूलित शेडमध्ये तेच काम वीस मिनिटांत उरकत होता. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. हळद आमच्याच जिल्ह्याची.

या सगळ्यात आमच्या आजीचा सल्ला सर्वांत जुना होता. ती खळ्यावरची हळद खालीवर करत होती. हात न थांबवता म्हणाली, “शेण लावा की.” सगळे हसले. पण ज्याला हसायचं असेल त्यानं आधी कॅप्टन कुकचा पराक्रम ऐकावा. ११ जून १७७० च्या रात्री त्याचं ‘एंडेव्हर’ जहाज ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापाशी प्रवाळाच्या रांगेवर चढून बसलं. हलकं करायला तोफा समुद्रात लोटल्या, भरतीची वाट पाहिली, दुसऱ्या रात्री ते सुटलं, पण बुडाला भोक. पंप मारून माणसं थकली. तेव्हा एका तरुण अधिकाऱ्यानं जुनी युक्ती काढली. एक शीड घेतलं, त्यावर दोरखंडाचा पिंजलेला काथ्या आणि लोकर चिकटवली, वरून मेंढ्यांच्या लेंड्या टाकल्या, आणि ते शीड दोरांनी जहाजाच्या खालून ओढत भोकापाशी नेलं. आत शिरणाऱ्या पाण्यानंच तो सगळा ऐवज भोकात खेचून घेतला आणि गळती आटोक्यात आली. पुढं नदीच्या मुखाशी जहाज काठाला ओढून कलतं केलं, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. ज्या प्रवाळानं भोक पाडलं त्याचाच एक तुकडा मोडून त्या भोकात अडकून बसला होता. तो नसता तर लेंड्यांचाही इलाज चालला नसता.

हे मी आजीला सांगितलं. तिनं विचारलं, “मग पुढं?” पुढं म्हणजे त्यांनी ते जहाज नदीकाठी दीड-दोन महिने ठेवलं, लाकूडकाम केलं, आणि तेवढ्या सवडीत माणसं इकडंतिकडं हिंडली तेव्हा त्यांना कांगारू दिसला. आजी म्हणाली, “म्हंजी शेण वाटंपुरतं. घरी येऊन नीटच करावं लागलं नं?” दुरुस्तीशास्त्रावर यापेक्षा नेमकं वाक्य मी ऐकलेलं नाही. पाण्यात केलेला इलाज काठापर्यंत पोचण्यापुरता असतो. खरी दुरुस्ती काठावर.

आणि दर्यावर्दी माणसांचा सगळा इतिहास बघितला तर त्यांची अर्धी अक्कल बोट पाण्यात घालण्यात आणि उरलेली अर्धी ती पाण्याबाहेर काढण्यात खर्च झालेली दिसते. कोकणात १ जूनला मासेमारी बंद होते, होड्या वाळूवर ओढून घेतात, शाकारून ठेवतात, बूड खरवडतात, फटी भरतात, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा दर्याला लागतात. विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीत गिर्ये इथं मराठ्यांच्या आरमाराची गोदी खडकात खोदलेली आहे. भरतीला गलबत आत घ्यायचं, पाणी उतरलं की तळ कोरडा. त्याच विजयदुर्गाबद्दल समुद्राखालच्या भिंतीची कथा सांगतात, की शत्रूची जहाजं तिच्यावर आपटून फुटायची. म्हणजे आपल्या लोकांना न दिसणाऱ्या भिंतीची किंमत दोन्ही बाजूंनी ठाऊक होती. मुंबईला सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये आले आणि १७५० मध्ये तिथं कोरडी गोदी उभी राहिली. त्या मुंबईत मलबारी सागवानाची १८१७ साली बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ युद्धनौका आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. दोनशे वर्षं लाकूड टिकलं, कारण त्याला वेळोवेळी कुणीतरी कोरडं करून बघितलं.

आमची कोरडी गोदी म्हणजे हे हळदीचं खळं. ती बांधायला खर्च आला नाही. निसर्गानं ती आमच्याकडं फुकट आणि गरजेपेक्षा जास्त दिलेली आहे.

काम करायला आला तो फायबरचा मिस्त्री. एरवी तो बाथरूमचे दरवाजे, ट्रॅव्हल्सच्या गाड्यांचे बंपर आणि गणपतीच्या सजावटीतले हत्ती दुरुस्त करतो. बोट त्यानं आधी केलेली नव्हती, आणि तसं त्यानं सांगितलंही. एवढ्या सल्लागारांत हे सांगणारा तो एकटाच, म्हणून काम त्याला दिलं. आल्याबरोबर त्यानं ग्राइंडर काढला नाही. खिशातलं दहाचं नाणं काढलं, बुडाशी उकिडवा बसला आणि वीतभर वीतभर सरकत नाण्यानं टकटक करत निघाला. चांगल्या जागी आवाज टणक, खणखणीत. मार लागला त्या जागी आतले थर एकमेकांपासून सुटलेले, तिथं आवाज बसका, बोदा. वरून दिसत होती ती तळहाताएवढी चांदणीसारखी तडतडलेली रेघ. त्याच्या पेन्सिलीनं आवाजाच्या मागोमाग जाऊन जे रिंगण काढलं ते मात्र पितळी परातीएवढं भरलं.

पलीकडं आजी तेच करत होती. ती हळकुंड उचलायची, दोन बोटांत धरून मोडायची आणि कान द्यायची. पुरतं वाळलेलं हळकुंड ‘खट्ट’ मोडतं, धातूचा आवाज करतं. अर्धवट वाळलेलं वाकतं, मग मोडतं, आवाज देत नाही. हिंगोली-वसमतच्या बाजारात व्यापारी ओलावा मोजायची यंत्रं ठेवतात, दहा टक्क्यांच्या आत हवा म्हणतात. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण खळ्यावरचा निकाल अजून कानानंच लागतो. शिजवलेली हळद वरून दोन दिवसांत कोरडी दिसते. आतून कोरडी व्हायला पंधरवडा घेते. वरच्या कोरडेपणावर विश्वासून पोत्यात भरली की पोत्यात बुरशी. पाच क्विंटल ओल्या हळदीची जेमतेम एक क्विंटल होते, आणि हे चार क्विंटल पाणी उन्हानं फुकट नेलेलं असतं. त्यात घाई करून कुणाचं भलं झाल्याचं आमच्या भागात ऐकिवात नाही.

फायबरच्या बोटीचंही नेमकं हेच दुखणं. वरचा गुळगुळीत थर फुटला की काचेच्या धाग्यांच्या कडेनं पाणी आत सरकत राहतं आणि तिथं घर करतं. कधी न फुटताही हळूहळू झिरपतं आणि बुडाला फोड येतात. फोड फोडला तर आतून आंबूस, व्हिनेगरसारख्या वासाचं पाणी निघतं. यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की हे फोड खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात लवकर येतात. खारं पाणी आत शिरायला नाखूश असतं, गोडं पाणी सहज शिरतं, आणि कोमट असेल तर आणखी सहज. ज्यांचा संसार सासर-माहेरच्या मधोमध चालतो त्यांना याचं नवल वाटणार नाही. तोंडावर खारट बोलणारा परवडतो.

तर मिस्त्रीनं रिंगणातलं सैल झालेलं सगळं खरवडून काढलं आणि घरी गेला. मावसभाऊ म्हणाला, “भरून घ्या की लगेच, रविवारी पाहुणे यायलेत.” मिस्त्री म्हणाला, “वाळू द्या.” दोन दिवसांनी मावसभावानं हात फिरवून बघितला. खडखडीत. बेचाळीस अंशाच्या उन्हात काय ओलं राहणार? मिस्त्रीनं प्लास्टिकच्या पिशवीचा चौकोनी तुकडा कापला, त्या जागेवर ठेवला, चारी कडांना चिकटपट्टी मारली आणि म्हणाला, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला बारीक बारीक थेंब उभे होते. खडखडीत कोरड्या दिसणाऱ्या बुडानं रातोरात घाम गाळला होता. मावसभाऊ त्या थेंबांकडं बघत राहिला. जानेवारीपासून पावसाचं, जाळ्याचं आणि बाटल्यांचं म्हणून चाललेलं पाणी अखेर त्याला पत्त्यासह सापडलं होतं.

पाहुण्यांना नको म्हणून कळवलं. बोट वाळत राहिली. रोज सकाळी प्लास्टिक उचलून बघायचं आणि संध्याकाळी हळदीवर ताडपत्री ओढताना बोटीवरही ओढायची, कारण वळवाचा भरवसा नाही. या दिवसांत खळ्यावर बसायला माणसं वाढली. कांगारू कुणाला दिसला नाही, पण दोन भावांमधला बांधाचा जुना वाद बोटीच्या सावलीत बसून निम्मा मिटला. निम्मा वाद बोट लवकर दुरुस्त झाल्यामुळं राहिला.

प्लास्टिक कोरडं निघालं त्या दिवशी मिस्त्रीनं ग्राइंडर लावला. भोकाच्या कडा त्यानं उभ्या ठेवल्या नाहीत, उतरत्या केल्या. बूड चार-पाच मिलिमीटर जाड, तर उतार चारी बाजूंनी पाच-सहा सेंटिमीटर, म्हणजे जाडीच्या बारापट. भोकापेक्षा ठिगळ एवढं मोठं कशाला, असं पंक्चरवाल्यानं विचारलंच. उभ्या कडेला ठिगळ नुसतं टेकतं, आणि पुढच्या दणक्याला बूच निघावं तसं निघून येतं. उतरत्या कडेवर ते लांबवर धरून राहतं. काचेची बारीक धूळ उडाली, बघ्यांच्या अंगाला खाज सुटली आणि गर्दी आपोआप पांगली. सल्लागार हटवायचा एवढा प्रभावी उपाय मी दुसरा पाहिला नाही.

राळ लावायची वेळ त्यानं पहाटेची धरली. या राळेत हार्डनर टाकतात तो शंभराला एक-दोन, पण एप्रिलात मराठवाड्यातल्या दुपारी तेवढ्यानंही डब्यातली राळ ब्रश बुडवेपर्यंत दगड होते. शिवाय हार्डनर आणि राळ लवकर धरावी म्हणून घालतात ते कोबाल्टचं द्रावण थेट एकत्र करायचं नाही, भडका उडतो. एक आधी राळेत पुरतं कालवायचं, मगच दुसरं घालायचं. हे सांगताना मिस्त्रीनं आपल्या भुवयांकडं बोट दाखवलं. त्या कमी का आहेत याचा उलगडा तेव्हा झाला. मग काचेच्या तंतूंच्या चटईचे तुकडे, एकावर एक, प्रत्येक थर राळेनं भिजवून, रुळानं दाबून हवेचे बुडबुडे कडेला हाकलत. बुडबुडा राहिला तर उद्या तिथंच पाणी जाऊन बसणार. उजाडेपर्यंत काम झालं. मग घासणं, वरचा थर, पुन्हा घासणं. प्रत्यक्ष भोक बुजवायला एक पहाट लागली. बाकीचे सगळे दिवस वाळण्याचे.

आमच्यापासून जवळच कयाधूच्या काठी नर्सी, संत नामदेवांचं जन्मगाव. त्यामुळं कीर्तन आमच्या कानावर लहानपणापासून. कीर्तनात भवसागर रोज येतो, नाव रोज पैलतीराला लागते. पण वाटेत त्या नावेच्या बुडाला काय काय लागलं, ती कुणी उलटी करून वाळवली का, हे एकाही बुवानं कधी सांगितल्याचं मला आठवत नाही. बहुधा ती लाकडाची असावी. की बुवांच्या गावाला धरण नसावं? कुठं काय आदळलं हे ओळखायचंच म्हणाल, तर आता औंढ्याकडं दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा उभी राहते आहे. चार चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका फरक पडला तरी तो ओळखणार. अब्जावधी वर्षांपूर्वी कुठं दोन कृष्णविवरं आदळली हे हिंगोली जिल्ह्यात बसून कळेल. येलदरीत पाण्याखाली हातभर असलेली बाभूळ मात्र अजूनही आदळल्यावरच कळते. दोन्ही विद्या लागतात, म्हणून हे तक्रारीनं म्हणत नाही. एवढंच, की पहिल्या विद्येसाठी केंद्र सरकार आहे, दुसरीसाठी काठावरचा म्हातारा आहे, आणि तो दरवर्षी एकानं कमी होतो. त्याला बोटीत बसवून, बुडालेले बांध विचारून घेऊन, तिथं रिकाम्या कॅनचे तरंगते खुणगडी बांधून ठेवले तर मिस्त्रीचं काम निम्म्यानं कमी होईल. मिस्त्रीची याला हरकत नाही. त्याच्याकडं गणपतीचे हत्ती आहेत.

बॅकवॉटरवर ज्यांच्या बोटी आहेत त्यांना माझं सांगणं सोपं आहे. एप्रिलात पाणी उतरतं, ऊन चढतं, त्याच वेळी बोट बाहेर घ्या आणि नाण्यानं बूड वाजवून बघा. पिनेच्या जागी पिनच घाला, दोन जादा जवळ ठेवा. राळ नांदेडला मिळते, चटई मिळते, मिस्त्री मिळतो; वाळण्याचे दिवस मात्र विकत मिळत नाहीत, ते द्यावेच लागतात. आणि जे नुसते सेल्फीला येतात त्यांनी बसण्याआधी मालकाला एवढंच विचारावं, बूड दुरुस्त करायला किती दिवस लागले? ‘एका दुपारी उरकलं’ म्हणाला तर काठावरूनच फोटो काढून परत जावं. पंधरवडा लागला म्हणाला तर बसावं. लाइफ जॅकेट मात्र दोन्ही प्रकारच्या बोटीत अंगात घालून बसावं, मांडीवर घेऊन नाही.